पिवळी होडी

(गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



फलकावरचा विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्या, हे आम्ही पाहिलं आहे. गणपतीत एकतर्फी प्रेमावर भाषण! पण बाप्पा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती, आणि चित्रकला त्या चौसष्टांतच येते. तेव्हा त्याची हरकत नसावी. कार्यकारिणीची परवानगी आम्ही आधीच घेतली आहे.

'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगतो. मंडळाच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पाच-सात जण जमतो. एक चित्र निवडायचं, त्याचं मोठं प्रिंट टेबलावर ठेवायचं आणि तासभर फक्त बघायचं. मग चहा, आणि मग भांडण. आमच्यात चित्रकार कोणी नाही. संस्कृत शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षातला एक मुलगा आहे. बाकीचे आम्ही सरकारी नोकर, डिप्लोमा करून बांधकाम खात्यात लागलेले, दिवसभर नकाशांवर डोळे फोडणारे. चित्र बघायला पदवी लागत नाही, असं आमचं मत आहे. आणि ज्या इंदूरमध्ये देवळालीकर गुरुजींनी शिकवलं, जिथून बेंद्रे आणि हुसेन निघाले, तिथल्या माणसांनी चित्रासमोर उभं राहायला संकोच कशाला करायचा?

आजचं चित्र मात्र माळव्यातलं नाही. ते आहे नॉर्वेचं. चित्रकार एडवर्ड मुंक, जन्म १८६३, मृत्यू १९४४. दोन्ही हात कानांशी धरून ओरडणारा, कवटीसारख्या तोंडाचा माणूस आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिला आहे, अगदी मोबाइलच्या इमोजीतसुद्धा. ती 'किंकाळी' याच मुंकची, १८९३ सालची. आपण बघणार आहोत ते चित्र त्याच्या आधीचं. १८९१ मध्ये त्यानं ते पहिल्यांदा काढलं आणि मग पुढची कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा काढत राहिला. तैलरंगात काढलं, लाकडाच्या ठशांवर कोरून छापलं. त्याला निरनिराळ्या वेळी 'संध्याकाळ', 'मत्सर', 'पिवळी होडी' अशी नावं मिळाली. आज जग त्याला 'मेलँकली' म्हणून ओळखतं. सरांनी त्याला 'विषाद' म्हटलं, काकूंनी 'उदासी'. आम्हांला दोन्ही शब्द चालतात, पण चित्रातल्या वेळेला मराठीत याहून नेमका एक शब्द आहे: कातरवेळ.

आता पडद्याकडे बघा. समुद्रकिनारा आहे. उजव्या हाताला, अगदी खालच्या कोपऱ्यात एक माणूस बसला आहे. काळे कपडे, डोकं हातावर टेकलेलं. त्याच्यापाशी किनाऱ्यावरचे दगड. तिथून किनाऱ्याची रेघ नागमोडी वळणं घेत दूर जाते, आणि पार तिकडे एक धक्का आहे. धक्क्यावर मुंगीएवढी माणसं. त्यांतली एक आकृती पांढऱ्या कपड्यांतली. जवळ एक पिवळी होडी. बस, एवढंच आहे चित्रात.

गोष्ट अशी आहे. नॉर्वेच्या राजधानीचं, म्हणजे आजच्या ऑस्लोचं, नाव तेव्हा क्रिस्तियानिया होतं. तिच्या दक्षिणेला, खाडीच्या काठी ऑसगोरस्ट्रांड नावाचं छोटं गाव आहे. उन्हाळ्यात चित्रकार-लेखक मंडळी तिथं येऊन राहत. मुंकला त्या किनाऱ्याचा इतका लळा होता की पुढे त्यानं तिथं एक छोटं घरच घेतलं. १८९१ च्या उन्हाळ्यात त्याचा मित्र याप्पे निल्सन तिथं होता. वय एकवीस, लिहिण्याची आवड. पुढे तो कलासमीक्षक झाला. त्याचा जीव जडला होता ओडा क्रोग या चित्रकर्तीवर. ती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी, लग्न झालेली, मुलाबाळांची. तिचा नवरा ख्रिस्तियान क्रोग हा त्या काळातला नावाजलेला चित्रकार आणि लेखक. त्याहून गंमत म्हणजे तरुणपणी मुंकला ज्यांनी मार्गदर्शन केलं, त्यांत हा क्रोग होता. या प्रेमातून याप्पेच्या पदरात दुःखच पडलं. मुंक ते जवळून बघत होता. त्याला स्वतःलाही हे नवीन नव्हतं. विशीच्या सुरुवातीला त्याचं मिली थाउलो या विवाहित स्त्रीवर प्रेम बसलं होतं आणि त्या जखमेबद्दल तो नंतर कित्येक वर्षं वह्यांमध्ये लिहीत राहिला. त्यामुळे कोपऱ्यात बसलेला माणूस चेहऱ्यानं याप्पे असला तरी आतून अर्धा मुंक असावा, असं आम्हांला वाटतं.

आता आमच्या खात्याच्या सवयीप्रमाणे आधी रेघा बघू. नकाशा काढताना रस्ता कुठून कुठे जातो हे पहिलं बघायचं असतं. या चित्रात एकच रस्ता आहे, किनाऱ्याचा. तो माणसापासून सुरू होतो आणि थेट त्या पांढऱ्या ठिपक्यापर्यंत जातो. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही, नदी नाही. उठून चालायला लागला तर थोड्या वेळात पोचेल. तरी बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं की हा तिथं कधी पोचणार नाही. हे मुंकनं कसं साधलं? मापांच्या खेळानं. जवळचं डोकं एवढं मोठं आणि दूरची माणसं इतकी बारीक, की मधलं अंतर फुटांत-मीटरांत मोजण्यासारखं राहतच नाही. आणि हा माणूस त्या दिशेला बघतसुद्धा नाही. धक्का त्याच्या पाठीमागे आहे. मग आपण जे बघतो आहोत तो खरा धक्का, की त्याच्या डोक्यात चाललेला? आमच्यातल्या इंजिनियरिंगवाल्या मुलानं हे पहिल्यांदा बोलून दाखवलं, आणि आम्ही सगळे गप्प झालो. आपल्या मागे काय चाललं आहे ते ज्याला न बघता दिसतं, असा हा माणूस आहे.

हातावर डोकं टेकून बसण्याची ही ढब युरोपात जुनी आहे. जर्मन चित्रकार ड्यूररनं १५१४ साली 'मेलँकलिया' नावाचं कोरीव चित्र काढलं, त्यात पंख असलेली एक आकृती अशीच मुठीवर डोकं टेकून बसली आहे. तिच्याभोवती मोजमापाची अवजारं पडली आहेत आणि तिला काहीच करावंसं वाटत नाही. हे चित्र आम्हा नकाशेवाल्यांना जरा जास्तच जवळचं वाटलं. आपल्याकडे आजी ओरडायची, गालाला हात लावून बसू नको, अवलक्षण आहे. बाई निरक्षर असो की शिकलेली, त्या हाताचा अर्थ तिला बरोबर ठाऊक असायचा.

रंगांचं म्हणाल तर नॉर्वेची उन्हाळ्यातली रात्र आपल्यासारखी नसते. दहा वाजून गेले तरी आकाशात उजेड रेंगाळत असतो. ना धड दिवस, ना धड रात्र. प्रेम संपलं आहे हे कळलं आहे आणि तरी मन मिटत नाही, त्या अवस्थेला याहून योग्य प्रकाश कुठला? सगळं चित्र निळसर, जांभळट, काळसर हिरवं आहे. त्यात होडी तेवढी पिवळी. डोळा पुन्हा पुन्हा तिच्याकडे जातो. दुखरा दात असला की जीभ तिथंच जाते, तसा. आणि ती होडी त्याची नाही. ती त्या दोघांची आहे.

धक्क्यावरचा पांढरा वेशही मुंकच्या चित्रांत नेहमी येतो. त्याच किनाऱ्यावर १८८९ मध्ये त्यानं आपली बहीण इंगर हिला पांढऱ्या कपड्यांत दगडावर बसलेली रंगवली होती. पुढे १८९६ च्या 'दुरावा' या चित्रात पांढऱ्या वेशातली एक मुलगी समुद्राकडे निघून जाते. तिचे केस मागे लांबत येऊन गडद कपड्यांतल्या पुरुषाशी पोचतात, आणि तो छाती धरून उभा आहे. अंतर पडलं आहे, पण तार तुटलेली नाही. आमच्या चित्रात केसांच्या जागी किनाऱ्याची रेघ आहे. काम तेच करते. १८९६ मध्येच मुंकनं आपलं हे चित्र लाकडावर कोरलं. त्याची पद्धत गमतीची होती. कोरलेली फळी करवतीनं कापून तुकडे वेगळे करायचे, एकेकाला वेगळा रंग लावायचा आणि परत जुळवून एकदम छापायचं. एका पाटाचे तुकडे करून पुन्हा पाट जुळवावा तसं. जोडावरची फट छापात दिसते. आम्हांला ती फट फार आवडली.

इथपर्यंत आमच्यात एकमत होतं. पुढे सरांनी एक शास्त्राचा मुद्दा काढला आणि भांडणाला तोंड फुटलं.

सर म्हणाले, हा आपल्याकडे शृंगाररसच धरला जाणार नाही. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त स्पष्ट सांगितलं आहे की प्रेम दोघांच्या ठिकाणी नसेल, एकाच्याच मनात असेल, तर तो रस नव्हे, रसाभास. रसासारखं दिसतं, पण रस नाही. आपल्या परंपरेत विरह भरपूर आहे. गवळणींत आहे, लावणीत आहे, आपल्या माळव्यातल्या सतराव्या शतकातल्या चित्रांतही आहे. सपाट लाल नाहीतर काळी पार्श्वभूमी, छोटासा महाल, आणि आत एकटी बसलेली नायिका. पण ती ज्याची वाट बघते तो तिचाच असतो. तो उशिरा येईल, दुसरीकडे रमला असेल, परदेशी गेला असेल, पण मुळात तो तिचा आहे. विरहात आपलं माणूस दूर असतं. या नॉर्वेच्या किनाऱ्यावर ते माणूस आपलं नाहीच. अशा माणसासाठी आपल्या जुन्या चित्रकारांनी जागा ठेवली नाही.

सरांचं शास्त्र बरोबर असेल, पण आम्हांला ते पटलं नाही. रसाभास म्हटल्यानं त्या पोराचं दुःख आभासी होत नाही. उलट आमचं म्हणणं असं की या भावनेला नाव आणि जागा न दिल्यानंच आपल्याकडे तिचं काय करायचं ते कुणाला कळत नाही. मुलगा गप्प गप्प झाला, जेवेनासा झाला, तर घरात दोनच गोष्टी होतात. एक तर थट्टा, नाहीतर लवकर लग्न. आणि सिनेमा तिसरी शिकवतो.

त्या तिसरीवरच गाडी गेली. इंजिनियरिंगवाला मुलगा म्हणाला, "पण भिया, ह्यानं नुसतं बसून काय राहायचं? अजून एकदा जाऊन विचारायला काय हरकत होती? पिक्चरमध्ये हिरो सोडत नाही ना, शेवटी ती हो म्हणतेच."

काकू तोवर चहाचे कप गोळा करत होत्या. त्या खाली बसल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या परवानगीनं इथं सांगतो. नोकरीला लागल्या तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. बसस्टॉपसमोर एक तरुण रोज उभा असायचा. आठ महिने. एकदा त्यानं चिठ्ठी दिली, काकूंनी ती परत केली आणि स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. तो उभा राहायचा थांबला नाही. ऑफिसात सगळे हसायचे, बिचारा दीवाना झाला आहे म्हणायचे. शेवटी काकूंनी रस्ता बदलला, दोन बस बदलून वीस मिनिटं उशिरा घरी पोचायला लागल्या आणि उशिराबद्दल घरी बोलणी खाल्ली. "त्याच्या मनात काय होतं ते सगळ्या स्टॉपला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "माझ्या मनात काय आहे ते कुणी विचारलं नाही. हा तुमचा नॉर्वेवाला मला आवडतो, कारण तो उठत नाही. त्याला दुखतंय, आणि तो आपलं दुःख घेऊन आपल्या कोपऱ्यात बसला आहे. होडीकडे धावत नाही."

मुलगा काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी तो आला तेव्हा त्यानं काकूंसाठी सराफ्यातून खोबऱ्याचे पॅटिस आणले, एवढं सांगतो.

आम्ही त्यानंतर चित्र वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. आधी आम्हांला तो माणूस हरलेला वाटत होता. चित्राचा सगळा भार त्याच्या बसण्यात आहे. तो बसून राहतो म्हणून धक्क्यावरची माणसं निर्धास्त होडीत बसू शकतात. हे मुंकच्या मनात होतं की नाही, ते बाजूला ठेवू. चित्रात ते आहे.

पण काकूंनीच दुसरीही बाजू मांडली, आणि ती सोडून पुढे जाता येणार नाही. त्या बाईला चेहरा का नाही? कोपऱ्यातल्या पोराचा विषाद आपण तासभर बघतो, आणि तिच्या वाट्याला ब्रशचा एक पांढरा फटकारा. यात मुंक अगदी निर्दोष सुटत नाही, असं आमचं मत आहे. त्याचं एक चित्र आहे, त्यात एक लाल केसांची बाई पुरुषाच्या मानेशी वाकली आहे. त्यानं नाव दिलं होतं 'प्रेम आणि वेदना'. लोकांनी त्याला 'रक्तपिपासू' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं. प्रेमात पुरुषाला दुखलं की बाई हडळ ठरते, हे तिकडेही होतं आणि इकडेही. 'पिवळी होडी'त निदान ती हडळ नाही. ती नुसती फिरायला निघालेली एक बाई आहे.

आणि ओडा क्रोग ही काही धक्क्यावरचा ठिपका नव्हती. ती स्वतः चांगली चित्रकार होती. 'जपानी कंदील' हे तिचं १८८६ सालचं पेस्टल चित्र ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बाहेर निळी संध्याकाळ, खाडीचं पाणी, वर कागदी कंदील आणि त्याच्या उजेडात बसलेली एकटी स्त्री. तीच खाडी, तीच कातरवेळ, मुंकच्या पाच वर्षं आधी. आम्ही दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी ठेवून बघितली. किनाऱ्यावर बसणारा तो एकटाच नव्हता, हे त्यावरून दिसतं. ती बाईही कधीतरी बसली होती, तिचंही कुठेतरी लक्ष लागलं होतं. कुठे, ते तिनं चित्रात सांगितलेलं नाही, आणि ते तिचं खाजगी आहे.

आता शेवटची गोष्ट, जी आम्हांला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी वाटते. १८९१ च्या शरद ऋतूत हे चित्र क्रिस्तियानियात प्रदर्शनात लागलं. मुंकच्या चित्रांवर तेव्हा टीका आणि टिंगल दोन्ही होत. हे अर्धवट आहे, हे कच्चं आहे, असं लोक म्हणत. त्या वेळी वर्तमानपत्रातून या चित्राच्या बाजूनं एक माणूस उभा राहिला. या रंगांतून नाद ऐकू येतो, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं, आणि पिवळ्या होडीबद्दल मुंकचे आभार मानले. तो माणूस म्हणजे ख्रिस्तियान क्रोग. ओडाचा नवरा.

धक्क्यावरची पांढऱ्या वेशातली बाई कोण, आणि कोपऱ्यात डोकं धरून बसलेलं पोर कोण, हे त्याला कळलं नसेल असं मानायला आमचं मन तयार नाही. गाव एवढंसं, माणसं इतकी ओळखीची. तरी त्यानं चित्राला चित्र म्हणून बघितलं आणि चांगल्याला चांगलं म्हटलं. सर यावर म्हणाले, हा माणूस रसिक. काकू म्हणाल्या, नवराही बरा असावा. यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही. एवढी मोकळीक म्हणजे मोठेपणा की बेफिकिरी, हा वाद दर दुसऱ्या शनिवारी निघतो.

दोन्ही प्रिंट वाचनालयाच्या खोलीत खिडकीजवळच्या भिंतीवर लावली आहेत, अनंत चतुर्दशीपर्यंत तिथंच राहतील. आरतीनंतर खोली उघडी आहे. छपाईत निळा जरा काळा आला आहे, पण होडी नीट दिसते. आता सभागृहाचे दिवे दोन मिनिटं बंद करायला सांगतो. पडद्यावर चित्र ठेवतो. कुणी काही बोलू नका, नुसतं बघा.